बाहेरची कडी

बाथरूमची आतली कडी काढून टाकायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, छाती उघडून पुन्हा शिवलेली, आणि घरी सोडताना नर्सने बजावलं होतं की पेशंटने आंघोळीला जाताना आतून कडी लावू नये. नर्सने आणखीही बरंच सांगितलं होतं. पेशंटला रोज चालवा आणि रोज थोडं थोडं वाढवा, हेही सांगितलं होतं. पण ही सूचना कानातून आत शिरली आणि मेंदूपर्यंत पोचायच्या आधी वाटेतच कुठेतरी बसली. माणूस भेदरलेला असला की त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात कारकून. ऑफिसात त्यांना सगळे जपूनराव म्हणत. जिना उतरणाऱ्याला 'जपून', चहा पिणाऱ्याला 'जपून, गरम आहे', आणि रिटायर होऊन घरी निघालेल्या हेडक्लार्कच्या निरोप समारंभात यांचं भाषण म्हणजे दोन शब्द, 'जपून जा.' (हेडक्लार्क दचकून दोन मिनिटं परत खुर्चीत बसले.)

आणि त्यांची बायको मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे तिला सगळे मॅडमच म्हणत. घरात जपूनरावही कधी कधी चुकून मॅडम म्हणून जात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून उभं आयुष्य काढलेली बाई ती. ट्रक अंगावर आला तरी आवाज चढवायचा नाही, फक्त आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, ही तिची पद्धत. ती सवय इतकी मुरली होती की घरातही जपूनराव काही बोलायला लागले की बाईंचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा हलला तो हाच पाय. जपूनराव तेव्हा डॉक्टरांना काहीतरी विचारत होते.

तर कडी. घरी आल्यावर पहिल्याच आंघोळीला मॅडमनी सवयीने ती लावली. जपूनराव दाराला कान लावून उभे.

"आहेस ना?"

"नाही. खिडकीतून पळून गेले."

त्यावर हसावं हे जपूनरावांना सुचलं नाही. बाथरूमला खिडकी नसून नुसता झरोका आहे, तेव्हा ही असं का बोलतेय, डोक्यावर तर परिणाम झाला नसेल, असा विचार करत ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मॅडमचा डोळा लागल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं झिजलेलं होतं, तो दाराचा टवका घेऊन निघाला. मग असं लक्षात आलं की ते दार इतकी वर्षं केवळ त्या कडीच्या भिडेनं बंद राहत होतं. आता ते आपणहून सावकाश उघडायचं आणि आत कोण आहे ते पॅसेजला दाखवायचं. पाणी बाहेर यायला लागलं. पाण्यावरून बायको घसरली तर? म्हणून जपूनरावांनी तीच कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला ठोकली. आत कुणी नसताना दार बंद राहावं, एवढाच हेतू.

"बाहेरून कडी?" मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या घरात बाहेरून कडी असते ती कोळशाच्या खोलीला."

इथे थांबले असते तरी भागलं असतं. पण कडी काढण्यात एक नशा असते. जपूनरावांनी बेडरूमची कडी काढली. गार वारा नको म्हणून बाल्कनीला कुलूप घातलं. टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या, कारण बातम्यांनी धडधड वाढते. मॅडमच्या चपला कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे नेऊन ठेवल्या, कारण ऑपरेशननंतर हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे चपला मिळणार नाहीत, म्हणजे ही खाली जाणार नाही. हा बेत सुचल्यावर त्यांना स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की ते कुणाला सांगता येत नाही याचंच वाईट वाटलं. बिनमिठाची भाजी ते स्वतः करायचे. ती खाऊन मॅडम म्हणाल्या की हॉस्पिटलमध्ये निदान ती दुसऱ्याने केलेली होती.

जपूनरावांची बहीण भेटायला आली. तिने पलंगाच्या कडेला बसून आधी रडून घेतलं, मग वहिनीच्या पायावरची चादर नीट केली आणि म्हणाली, आता सगळ्या दगदगीतून मन काढून घ्या, हा दुसरा जन्म समजा.

"दुसरा जन्म म्हणजे परत रांगण्यापासून सुरुवात का?" मॅडमनी विचारलं.

नणंदबाईंना ते आवडलं नाही. जाताना जिन्यात तिने भावाला सांगितलं, की वहिनीचा स्वभाव ऑपरेशनमध्ये काही काढलेला दिसत नाही. पण ती काळजीचं बी मात्र पेरून गेली. पुढच्या आठवड्यात मॅडमचे पाय सुजले. जपूनरावांनी ती सूज पाहिली आणि पलंग ते बाथरूम एवढं जे चालणं उरलं होतं त्यातही ते आधाराला येऊ लागले, म्हणजे पुढून. उलटं चालत, दोन्ही हात पसरून. गाडी मागे घेणाऱ्याला वाट दाखवतात तसे.

डॉक्टरांकडे तपासणीला जायची तारीख जवळ आली. दोन मजले उतरायचे, दोन चढायचे. जपूनरावांना त्या जिन्याची स्वप्नं पडायला लागली. शेवटी त्यांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलून घेतली. हे त्यांनी अगदी कुजबुजत केलं. (त्यांची कुजबुज तळमजल्यापर्यंत जाते, हे बिल्डिंगमध्ये त्यांच्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे.)

त्या फोननंतर मॅडम गप्प झाल्या. टोमणा नाही, उत्तर नाही. भाजी मुकाट्याने खाल्ली. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जपूनरावांना वाटलं, विश्रांती लागू पडतेय. त्यांनी आणखी एक चादर आणून घातली आणि पांघरताना बोलता बोलता एकदम थांबले. ते बोलत होते आणि तिचा पाय दाबला गेला नव्हता. चादरीखाली तो नुसता पडला होता, कुणी विसरून गेल्यासारखा. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तिला आणखी थोडी विश्रांती द्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम जाग्या होत्या. जपूनराव आंघोळीला गेले. डोक्याला साबण लावून ते घासत असताना बाहेरून आवाज आला.

"अहो, आत आहात ना?"

"आहे की."

आणि खट्ट झालं.

"काय पडलं?"

"पडलं काही नाही. कडी लावली. चांगली बसते हो, तुमच्या हातची आहे. मी डॉक्टरांकडे जाऊन येते. तारीख आजचीच होती. तुम्ही पुढे ढकललीत, मी ती परत मागे ओढून घेतली."

जपूनरावांनी दार ढकललं. जे दार एरवी फुंकरीने उघडायचं, ते आता हलेना. ते म्हणाले, अगं वेडी का तू, आधी उघड. मॅडम शांतपणे म्हणाल्या, उघडणार आहे, आल्यावर. मग त्यांच्या जाण्याचा आवाज आला, आणि जपूनरावांना कळेना की हा आवाज ओळखीचा का वाटतोय. टॉक टॉक, टॉक टॉक. पुढचं दार ओढल्याचा आवाज झाला आणि लॅच बसलं.

ते बादली पालथी घालून तिच्यावर चढले. झरोक्यातून रस्त्याची एक पट्टी दिसते. त्या पट्टीत बऱ्याच वेळाने मॅडम आल्या. पोटाशी छोटी उशी धरलेली (खोकला आला तर छातीशी दाबायची, टाक्यांना धक्का बसू नये म्हणून), अंगावर बाहेर जायचे कपडे, आणि पायात जपूनरावांचे ऑफिसचे बूट. सुजलेल्या पायांना ते बरोबर बसले होते. बूट अत्यंत आत्मविश्वासाने चालत होते. जपूनरावांच्या पायात ते कधीच असे चालले नव्हते.

रस्त्याच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती, छतावर तो शिकाऊ फलक. आणि स्टिअरिंगवर कोण? तर कोपऱ्यावरची बेकरीवाली. परीक्षेत सारखी नापास होणारी, कबुतर दिसलं तरी गाडी थांबवून त्याला आधी जाऊ देणारी बेकरीवाली. मॅडम शेजारी बसल्या, पट्ट्याखाली उशी नीट ठेवली, आणि गाडी निघाली. निघाली म्हणायचं, एवढंच. फुटपाथवरून काठी टेकत चाललेला एक म्हातारा तिला ओलांडून पुढे गेला.

"थांबवा तिला," जपूनराव झरोक्यातून ओरडले. "छातीला टाके आहेत तिच्या."

खालच्या मजल्यावर एक वकील राहत. त्यांच्या नळाला गेलं वर्षभर धार नव्हती. ते दर आठवड्याला पाणीपुरवठा खात्यात येत आणि काउंटरपलीकडून जपूनराव त्यांना सांगत, अर्ज आलेला आहे, चौकशी चालू आहे, धीर धरा. त्यांचं डोकं आता खालच्या खिडकीतून बाहेर आलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. जपूनरावांनी सगळं सांगितलं, बायकोने कोंडून घातलंय, पुढचं दार बंद आहे, कृपा करून कुणाला तरी बोलवा.

"अर्ज दिलात का?" वकील म्हणाले.

"अहो, मी आत अडकलोय."

"ते तोंडी झालं. बरं, तुमची तक्रार पोचली. चौकशी चालू आहे. धीर धरा."

जपूनरावांनी हात जोडले. ते झरोक्यातून खाली दिसण्यासारखे नव्हते. मग वकिलांनाच थोडी दया आली असावी. त्यांनी सांगितलं की मॅडम जाताना त्यांच्याकडे टेकल्या होत्या, पाणी प्यायल्या, घराची किल्ली ठेवून गेल्या. खरोखरच काही आग बिग लागली तर उघडा, म्हणाल्या, नुसते ओरडत असतील तर ओरडू द्या. "किल्ली माझ्याजवळच आहे हो. पण अशिलाने दिलेल्या सूचनेबाहेर मला जाता येत नाही." एवढं बोलून ते आत गेले.

खाली उतरून जपूनरावांनी डोक्यावर पाणी घ्यायला नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि तो बंद झाला. मोठ्या पाइपलाइनचं काम आज निघणार होतं. ती सूचना गावभर पाठवायचं काम जपूनरावांच्याच टेबलाचं होतं, पण ते रजेवर होते. बादली पालथी घालताना त्यातलं पाणी गेलेलंच होतं. स्वयंपाकघरात त्यांचा मोबाइल वाजायला लागला. गोळीची वेळ झाली, गोळीची वेळ झाली, असं त्यांच्याच आवाजात तो ओरडत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आपण दिवसभर कसे बोलतो हे जपूनरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. चौथ्या खेपेला त्यांनी कानात बोटं घातली.

मग ते टॉवेल गुंडाळून बादलीवर बसले. डोक्यावरचा साबण वाळत चालला होता, कपाळ ताणलं जात होतं. समोर बंद दार. असंच एक दार ऑपरेशनच्या दिवशी होतं. चाकांची खाट आत गेली, दाराच्या दोन्ही झडपा हेलकावत मिटल्या. आत तिची छाती उघडी पडली होती आणि ते बाहेर तिचा चष्मा हातात धरून बसले होते. धरायला दुसरं काही दिलंच नव्हतं कुणी. तेव्हापासून त्यांना बंद दार बघवत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. हातात स्क्रू ड्रायव्हर घेताना त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. गाडीचा आवाज आला, मग खाली बोलणं, मग जिन्यात बूट. टॉक. टॉक. मग काहीच नाही. जपूनराव उभे राहिले. बूट पुन्हा वाजले, पुन्हा थांबले. त्यांना धावत जाऊन हात धरायचा होता आणि दाराला बाहेरून कडी होती. म्हणून ते नुसते ऐकत राहिले. मधल्या वळणावर फार वेळ शांतता झाली. त्यांनी कडीला, दाराला, टवका निघालेल्या त्या भोकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग वळणावरून मॅडमचं बोलणं ऐकू आलं. त्या वकिलांना सांगत होत्या की मागे या, पण हात लावू नका. आणि बूट वर आले. दोन्हीच्या दोन्ही, शेवटच्या पायरीपर्यंत.

पुढचं दार उघडलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मॅडम बाथरूमबाहेर बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"उघड ना," जपूनराव म्हणाले.

"बोलून झाल्यावर. उघडलं की तुम्ही मला आधी झोपवाल."

ते खरंच होतं. मॅडमनी सांगितलं की डॉक्टर चिडले. सूज आली ती चालल्यामुळे नाही, पडून राहिल्यामुळे. असंच आणखी पडून राहिलं असतं तर पायात गाठी झाल्या असत्या आणि पुन्हा हॉस्पिटल दिसलं असतं. सकाळ संध्याकाळ चाला म्हणाले, जिना चढा म्हणाले. घरी काळजी कोण घेतं, मिस्टर का, त्यांना का नाही आणलं, असंही विचारलं. मॅडमनी सांगितलं की ते आज जरा अडकलेत.

"पायात गाठी," जपूनराव म्हणाले. "माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. तुमच्या भीतीमुळे. मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला रोज वाटते. पण मी शिकवते ना लोकांना, भीती वाटली म्हणून रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करायची नसते, मागचा येऊन ठोकतो. मरायचं असेल तेव्हा मरेन. तोपर्यंत मी पलंगावर तालीम करणार नाही."

जपूनरावांनी मग त्या ऑपरेशनच्या दाराचं सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं. सांगताना धड वाक्यं होत नव्हती. मग कडी सरकली आणि दार आपल्या सवयीने सावकाश उघडलं.

टॉवेल नेसलेले, डोक्यावर साबणाचे वाळलेले पांढरे सुळके उभे राहिलेले, एक डोळा मिटलेला, असे जपूनराव बादलीवर बसलेले. मॅडमनी पाहिलं आणि घाईघाईने उशी छातीशी दाबली. हसताना टाके दुखत होते. त्या कळवळत हसल्या, 'अहो नका, नका' म्हणत हसल्या, आणि जपूनराव काहीच करत नव्हते, नुसते बसले होते, त्याचंही त्यांना हसू येत होतं. मागे पाण्याची कळशी घेऊन आलेले वकील म्हणाले, की खात्याच्या माणसाला पाणी पुरवायची ही आपली पहिलीच वेळ.

दुपारी जपूनराव आपलं म्हणणं मांडायला लागले, की गाडीत बसायला हरकत नाही पण गाडी निदान पास झालेल्या माणसाची असावी. ते बोलत असताना त्यांनी खाली पाहिलं. मॅडमचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. ते वाक्य अर्धं टाकून उठले आणि कपाटावरून चपला काढून आणल्या.

तहही झाला. मॅडम कडी लावणार नाहीत, जपूनराव दाराशी उभे राहणार नाहीत. आत गेल्यावर त्या मोठ्याने बोलत राहतील, म्हणजे त्या आहेत हे कळेल. त्या बहुतेक वेळा जपूनरावांच्या भाजीविषयी बोलत. बाल्कनीचं कुलूप निघालं. बहिणीचा फोन आला आणि वहिनी रस्त्यावर फिरतेय हे ऐकून तिने भावाला विचारलं, की तू तिला परवानगी दिलीस कशी. माझ्याकडे मागितली नव्हती, असं जपूनराव म्हणाले. आयुष्यात एवढं बाणेदार उत्तर त्यांनी बहिणीला दिलं नव्हतं. त्यांनी फोन लगेच ठेवला, पुढचं ऐकायला लागू नये म्हणून.

मग दोघांचं रोजचं फिरणं सुरू झालं. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बेकरीपर्यंत, मग बागेला वळसा घालून. मॅडम पुढे, हात मोकळे सोडून, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या चुका काढत. जपूनराव अर्ध्या पावलाने मागे, एका हातात उशी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, खिशात गोळ्या, गळ्यात मॅडमची शाल, आणि चेहरा असा की वाटेत खड्डा दिसला तर आपणच त्यात आधी आडवं व्हावं.

एके संध्याकाळी मॅडमनी बागेचा दुसरा वळसा घ्यायचा ठरवला. जपूनरावांना धाप लागली. ती लपवायला ते एका बाकाशी थांबून बाटलीचं झाकण घट्ट करू लागले. बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी जपूनरावांच्या हातातली उशी पाहिली, शाल पाहिली, चेहरा नीट निरखून पाहिला आणि काठी टेकत उठून जागा करून दिली.

"बसा, बसा. बायपास ना? बघितल्याबरोबर ओळखलं, माझंही झालंय." मग ते मॅडमकडे वळले. "पण बाई, तुमची कमाल आहे. एवढ्या आजारी माणसाला रोज बाहेर काढता."

"काय करणार," मॅडम म्हणाल्या, "घरात ठेवलं की फार बिघडतात."

जपूनराव खुलासा करायला तोंड उघडणार होते. पण बाक रिकामा होता, आणि पाय खरोखरच फार दुखत होते. ते उशी छातीशी धरून बसले आणि आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, आता पुष्कळ बरं वाटतंय.